‘एच’ कोण? ‘लाइन ऑफ ड्यूटी’च्या शेवटच्या भागावरच्या वादाची पार्श्वभूमी

२ मे २०२१च्या रविवारी रात्री ब्रिटनमध्ये सरासरी १ कोटी २८ लाख लोक ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या बीबीसी वाहिनीवरच्या पोलिस मालिकेत एक कैदी चौकशीच्या खोलीत आणला जात असल्याचं बघत होते. कॅमेरा त्याचा चेहरा दाखवत नव्हता. खोलीत एसी-१२चे, म्हणजे भ्रष्ट पोलिसांची चौकशी करणाऱ्या पथकाचे, तिघे बसलेले. दार उघडलं आणि आत आला इयन बकल्स, कोणतीही फाइल वेळेवर न वाचणारा, गोल्फ खेळणारा, वरिष्ठांच्या पुढेपुढे करत बढत्या मिळवलेला सुपरिंटेंडेंट. देशात आधुनिक पद्धतीने प्रेक्षकसंख्या मोजायला लागले २००२ साली. रोजच्या मालिका वगळल्या तर त्यानंतर इतकी प्रेक्षकसंख्या दुसऱ्या कुठल्याही नाट्यमालिकेच्या भागाला मिळाली नव्हती. आणि त्यातल्या फार मोठ्या वर्गाची पहिली प्रतिक्रिया होती: इतकी वर्षं शोधलेला ‘एच’ हा?

आपल्याकडे ‘डोंगर पोखरून उंदीर’ म्हणतात, त्याच अर्थाचं बरंच काही त्या रात्री बोललं आणि लिहिलं गेलं. हळूहळू उलट बाजूही पुढे आली. या लोकांचं म्हणणं असं की उंदीर निघणं हाच कथेचा मुद्दा होता. तो वाद अजून पूर्ण शमलेला नाही. तो समजून घ्यायचा तर बकल्सपेक्षा एका अक्षराकडे बघावं लागतं.

मागचा इतिहास थोडक्यात. ब्रिटिश टीव्हीवरचा पोलिस १९५५ साली आला तो कोपऱ्यावर उभा राहून सगळ्यांची विचारपूस करणारा, वडीलधारा शिपाई म्हणून. साठच्या दशकात तो गाडीत बसला आणि जरा खडबडीत झाला. सत्तरच्या दशकात लंडनच्या पोलिस दलातले कित्येक तपास अधिकारी खरोखरच लाचखोरीत सापडले. पोलिसांची चौकशी करणारी स्वतंत्र शाखा काढण्याची वेळ आली. तरीही ‘पोलिसांचा तपास करणारे पोलिस’ हे पात्र टीव्हीवर बराच काळ चुगलखोर, कपाळावर आठ्या असलेला खलनायकच राहिलं. २०१२ साली ‘लाइन ऑफ ड्यूटी’ने त्याला नायक केलं, हे तिचं मोठं पाऊल. पहिल्याच प्रसंगात दहशतवादविरोधी पथक चुकीच्या घरात शिरून एका निरपराध बापाला गोळी घालतं आणि वरिष्ठ सगळ्यांना एकसारखा खोटा जबाब द्यायला सांगतो. २००५ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत एका निरपराध तरुणाला पोलिसांनी दहशतवादी समजून ठार केलं होतं, त्याची आठवण हा प्रसंग बघताना येतेच. खोट्या जबाबाला नकार देणारा स्टीव्ह अर्नट त्यामुळेच एसी-१२मध्ये जातो. खोटा जबाब मागणाऱ्या वरिष्ठाचं नाव ऑस्बर्न. हे नाव लक्षात ठेवायला हवं, कारण तो पुढे फार वर चढतो.

(एक खुलासा: ब्रिटनमध्ये प्रत्येक सीझनला ‘सीरिज’च म्हणतात. त्यामुळे ‘सीरिजचा शेवट’ म्हणजे एका पर्वाचा शेवट की अख्ख्या मालिकेचा, हा गोंधळ तिथल्या बातम्या वाचताना कायम होतो. २०२१ सालच्या वादात त्याचाही वाटा होता. कोणी पर्व संपलं म्हणून हळहळत होतं, कोणी मालिकाच संपली म्हणून. या टिपणात पर्व म्हणजे एक सीझन.)

पहिली दोन पर्वं एकेका संशयित अधिकाऱ्याभोवती फिरली. वाहिनीच्या दुय्यम चॅनलवर ती चालली आणि बोलबाला वाढत गेला. मालिकेला एक लांबलचक कोडं मिळालं ते तिसऱ्या पर्वात, २०१६ साली. एसी-१२मध्येच बसलेला गुन्हेगारी टोळीचा माणूस मॅथ्यू कॉटन, टोपणनाव ‘डॉट’, पर्वाच्या शेवटी एसी-१२मधल्याच केट फ्लेमिंगला वाचवताना गोळ्या झेलतो. मरता मरता तो जबाब देतो आणि केट तो मोबाइलवर चित्रित करते. पुढच्या वर्षी मालिका मुख्य चॅनलवर गेली आणि त्या चित्रफितीतून एक अक्षर पुढे आलं: एच. पोलिस दलात वर बसलेला, टोळीशी संधान असलेला कोणीतरी. नावाचं आद्याक्षर एच.

इथून सगळा देश एच शोधायला लागला. सामग्रीही मुबलक होती. एसी-१२चा प्रमुखच हेस्टिंग्ज. त्याचा वरिष्ठ हिल्टन. चौथ्या पर्वातली मुख्य संशयित हंटली. हार्ग्रीव्ह्ज नावाचाही एक अधिकारी. टोळीचा जुना म्होरक्या हंटर. लेखकाने नावं अशी पेरली होती की कुणाकडेही बोट दाखवावं आणि ते पटावं. चौथ्या पर्वाच्या शेवटी हिल्टन गोळी लागून मेलेला सापडतो आणि काही जणांना वाटतं, सुटलं कोडं. हेस्टिंग्ज मात्र अस्वस्थ राहतो. प्रेक्षकही राहिले.

आता तो निर्णय, ज्यावर माझ्या मते हा सगळा वाद उभा आहे. ५ मे २०१९, पाचव्या पर्वाचा शेवटचा भाग. अर्नट आणि फ्लेमिंग ती जुनी चित्रफीत पुन्हा बघतात. इतके दिवस सगळ्यांचं लक्ष मरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे. आता ते त्याच्या हाताकडे बघतात. हात हलतोय. बोट टेकतंय, एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. मोर्स संकेतलिपीत चार टिंबं म्हणजे एच. पण कॉटनला अक्षर सांगायचंच नव्हतं. इंग्रजीत टिंबाला डॉट म्हणतात, आणि त्याचं स्वतःचं टोपणनाव डॉट. चार टिंबं म्हणजे चार डॉट, त्याच्यासारखे चार जण. म्हणजे एच हे नावाचं आद्याक्षर कधी नव्हतंच, ती संख्या होती. त्यातला एक कॉटन, दुसरा हिल्टन, तिसरी त्याच भागात उघडी पडलेली कायदा सल्लागार गिल बिगेलो. उरला एक, ‘चौथा माणूस’.

मी तो प्रसंग तेव्हा दोनदा थांबवून पाहिला. कारागिरी म्हणून तो अप्रतिम आहे. तीन वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट हात बघितल्यावर उलटी होते. पण त्याचे परिणाम बघा. एका माणसाच्या नावाचा शोध संपला आणि तिथे एक यादी आली. यादीतल्या शेवटच्या माणसाला सूत्रधार असण्याची काहीच गरज नव्हती, तो चारांपैकी एक होता, बस्स. मालिकेने प्रश्न बदलला. मात्र ‘एच’ हा शब्द कुणी सोडला नाही, प्रेक्षकांनी नाही, वर्तमानपत्रांनी नाही, मालिकेच्या जाहिरातीनेही नाही. पुढची दोन वर्षं लोक विचारत राहिले ‘एच कोण?’ आणि त्या प्रश्नात अजून तोच २०१७चा अर्थ होता: सगळ्यांच्या वर बसलेला एक. २०२१मध्ये ज्यांची निराशा झाली, त्यांना दोष देता येत नाही. त्यांना जुन्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि मिळालं नव्या प्रश्नाचं.

त्यात मधे महासाथ आली. सहाव्या पर्वाचं चित्रीकरण बेलफास्टमध्ये सुरू होतं, ते मार्च २०२०मध्ये थांबलं आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झालं. पर्व दाखवायला सुरुवात झाली २१ मार्च २०२१ला. तेव्हा टाळेबंदी अजून सैल होत होती, लोक घरात होते. आठवड्याला एकच भाग, रविवारी रात्री नऊला, सलग सात रविवार. सगळे भाग एकदम मिळाले असते तर लोकांनी दोन दिवसांत बघून संपवले असते. इथे प्रत्येक भागानंतर सहा दिवस तर्क लढवायला मोकळे होते. गाड्यांचे नंबर, भिंतीवरचे फोटो, एखाद्याच्या टेबलावरची वस्तू, सगळ्यातून एच काढला जात होता. पाचव्या भागात मार्कस थरवेल हे नवं नाव आलं, तेही फक्त फोटोतून, आणि फोटोत चेहरा एका नामवंत नटाचा. एवढ्या मोठ्या नटाला केवळ फोटोसाठी कोण घेईल? म्हणून लाखोंनी त्याच्यावर पैज लावली. शेवटच्या भागात थरवेल स्पेनमध्ये मेलेला सापडतो. नट शेवटपर्यंत फोटोतच राहिला.

बकल्सला प्रेक्षकांनी कधीच खोडून टाकलं होतं. तो पहिल्या पर्वापासून अधूनमधून दिसत होता आणि दर वेळी तितकाच मठ्ठ. सहाव्या पर्वात तो मधेच अटक होऊन तुरुंगात जातो, आणि त्याच्या कोठडीत त्याच्यासमोर एका वकिलाचा गळा आवळला जातो. ते बघून सगळ्यांना वाटलं, हा बिचारा प्यादं आहे. त्याला पकडून देतं एक स्पेलिंग. चौथ्या माणसाच्या संदेशांत ‘डेफिनेटली’ हा इंग्रजी शब्द कायम चुकीचा, आयच्या जागी ए घालून लिहिलेला असतो. पाचव्या पर्वात हेस्टिंग्जनेही तीच चूक केली होती, म्हणून संशयाची सुई त्याच्याकडे होती. मराठीत कोणी दर वेळी ‘निश्चीत’ असं दीर्घ ‘ची’ने लिहावं आणि त्यावरून तो सापडावा, तसं हे. जुन्या कागदपत्रांत बकल्सच्या हातून तीच चूक निघते. तो टोळ्यांमधले निरोप पोहोचवत होता, पैसे घेत होता, आणि त्याच्या कामातल्या ढिलाईला सगळे नुसता निष्काळजीपणा समजत राहिले.

नाराज प्रेक्षकांची तक्रार नीट ऐकण्यासारखी आहे. नऊ वर्षं गुंतवलेल्या माणसाला शेवटी एक खोली आणि ‘नो कॉमेंट’ म्हणत राहणारा एक ओशाळवाणा माणूस मिळाला. आधीच्या पर्वांच्या शेवटी गोळीबार होता, पाठलाग होता, पंधरा-वीस मिनिटांच्या अशा चौकश्या होत्या की पाण्याचा घोट घ्यायलाही उठू नये. इथे तसं काही नाही. शेवटी काळ्या पडद्यावर अक्षरं येतात आणि कोणाचं काय झालं ते सांगतात. त्यातली अखेरची ओळ म्हणते, सार्वजनिक पदांवरचे गैरप्रकार रोखण्याची एसी-१२ची ताकद आज कधी नव्हे इतकी कमी झाली आहे. ऑस्बर्न, तोच पहिल्या प्रसंगातला, आता मुख्य पोलिस अधिकारी आहे आणि दलात संस्थात्मक भ्रष्टाचार नाहीच म्हणून जाहीर सांगतोय. त्याला कोणी हात लावत नाही. लेखकाने नंतर सांगितलं की समाजातल्या भ्रष्टाचाराचं खरं रूप दाखवायचा प्रयत्न सगळ्यांना आवडणार नाही याची कल्पना होती, पण हेतू प्रामाणिक होता.

मला तो पटतो, कारण पर्वाच्या कथेतच त्याची मुळं आहेत. गेल व्हेला ही खून झालेली पत्रकार ज्या प्रकरणाच्या मागे असते, तिथे एका कृष्णवर्णीय तरुणावर हल्ला होतो आणि पोलिस कोठडीत त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्याने तो मरतो. पात्राचं नावच, लॉरेन्स क्रिस्टोफर, दोन खऱ्या प्रकरणांची आठवण करून देणारं ठेवलंय. एक १९९३चं, लंडनमध्ये बसथांब्यावर झालेल्या स्टीफन लॉरेन्सच्या वर्णद्वेषी खुनाचं. त्याच्या चौकशी अहवालाने १९९९ साली पोलिस दलात संस्थात्मक वर्णद्वेष असल्याचं म्हटलं. दुसरं १९९८चं, हल शहरातल्या ठाण्यात जमिनीवर पडून मेलेल्या क्रिस्टोफर ऑल्डर या माजी सैनिकाचं. या दोन्ही प्रकरणांत पडद्याआडचा एकच सूत्रधार नव्हता. आळस होता, एकमेकांना सांभाळून घेणं होतं, फाइल न वाचणं होतं. बकल्स त्याच मातीतला आहे.

आणि शेवटचा भाग दाखवून सहा आठवडे होत असताना, १५ जून २०२१ला, एक अहवाल आला. १९८७ साली लंडनच्या एका पबच्या मागच्या आवारात एका खासगी गुप्तहेराचा कुऱ्हाडीने खून झाला होता. पाच वेळा तपास होऊनही कोणाला शिक्षा झाली नाही. स्वतंत्र समितीने आठ वर्षं कागद चाळून निष्कर्ष काढला की राजधानीच्या पोलिस दलाने स्वतःची अब्रू वाचवण्यासाठी अपयश लपवलं आणि हा संस्थात्मक भ्रष्टाचाराचाच प्रकार आहे. दलाच्या प्रमुखांनी ते मान्य केलं नाही. ऑस्बर्नच्या तोंडी तीच वाक्यं महिन्याभरापूर्वी ऐकलेल्या प्रेक्षकांपैकी काही जण त्यानंतर शेवटच्या भागाकडे परत वळले आणि त्यांचं मत बदललं. सगळ्यांचं नाही. मालिकेकडून पुरावा नको, समाधान हवं होतं, असं म्हणणारेही होते, आणि मालिका बघणाऱ्याला ते म्हणायचा अधिकार आहे.

पुढची चार वर्षं मालिका संपली की नाही हे स्पष्ट नव्हतं. दर मुलाखतीत कलाकारांना तोच प्रश्न आणि दर वेळी संदिग्ध उत्तर. नोव्हेंबर २०२५मध्ये वाहिनीने सातवं पर्व जाहीर केलं: सहा भाग, तेच तिघे, चित्रीकरण पुन्हा बेलफास्टमध्ये. कथेत एसी-१२ बरखास्त झालेलं आहे आणि त्या जागी नवं नाव असलेली संस्था आली आहे. घोषणेच्या दिवशीच लोकांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली की बकल्सच्या वर कोण होतं.