फूट पॉड

फूट पॉड : धावताना कापलेले अंतर, वेग आणि पावलांची लय मोजण्यासाठी बुटाच्या आतल्या सोलखाली किंवा नाडीवर बसवला जाणारा छोटा बिनतारी सेन्सर. मोजलेली माहिती तो रेडिओलहरींवरून मनगटी घड्याळाकडे, खिशातल्या म्युझिक प्लेअरकडे किंवा मोबाइलकडे पाठवतो. कानात गाणे चालू असतानाच ‘तीन किलोमीटर पूर्ण’ असे सांगणारा आवाज ऐकू येतो, तो याच जोडणीमुळे. उपग्रहांवरून अंतर मोजणारे मोबाइल आणि घड्याळे आता सर्रास मिळतात, तरी फूट पॉड टिकून आहे. त्याचे कारण त्याच्या जागेत आहे. तो पायावर असतो, आणि धावणाऱ्याच्या सगळ्या शरीरात प्रत्येक पावलाला क्षणभर थांबणारा भाग पाऊल हाच आहे.

मोजणीचे तत्त्व : धावताना डोके, छाती, कंबर, हात अखंड पुढे जात असतात. पाऊल मात्र जमिनीला टेकते, निमिषभर निश्चल होते आणि मग उचलले जाते. आजच्या फूट पॉडमधील प्रवेगमापक आणि जायरोस्कोप या दोन्ही उपकरणांना हा थांबा फार मोलाचा असतो. प्रवेगमापक वेगातला बदल मोजतो, जायरोस्कोप पावलाचे वळणे-फिरणे मोजतो. वेगातल्या बदलातून अंतर काढायचे तर बेरजेवर बेरीज करावी लागते, आणि त्या बेरजांत चूक फार भराभर वाढते. समजा, उपकरणाची चूक प्रतिसेकंद प्रतिसेकंद ०.१ मीटर एवढी बारीक आहे. एक मिनिट ती दुरुस्त केली नाही, तर अंतरात १८० मीटरची तफावत येते. तेच गणित एकाच पायाच्या दोन टेकण्यांमधल्या सुमारे ०.७ सेकंदापुरते केले, तर तफावत अडीच सेंटिमीटरच्या आसपास राहते. पाऊल टेकले की ‘या क्षणी वेग शून्य’ हे सेन्सरला कळते, मागची वेगातली चूक तो पुसून टाकतो आणि पुढचे पाऊल कोऱ्या पाटीवर मोजतो. कंबरेवर किंवा दंडावर बांधलेल्या उपकरणाला ही सोय नाही.

सुरुवातीच्या स्वस्त सेन्सरांची रीत याहून साधी होती. पाऊल जमिनीवर किती वेळ टेकलेले राहते, एवढेच ते पाहत. चालताना हा वेळ अर्ध्या सेकंदाहून अधिक असतो, सावकाश धावताना पाव सेकंदाच्या आसपास येतो आणि वेगवान धावपटूत एक दशांश सेकंदाजवळ पोहोचतो. वेग वाढला की टेकण्याचा वेळ घटतो. या नात्यावरून सेन्सर वेगाचा अंदाज बांधतो आणि वेगावरून अंतर काढतो. हे नाते माणसागणिक थोडे बदलते, म्हणून या प्रकारात सेन्सर आपल्या पावलाशी जुळवून घेणे टाळता येत नाही.

इतिहास : बुटात गणकयंत्र बसवण्याची कल्पना संगीताच्या जोडीपेक्षा बरीच जुनी आहे. आदिदासने १९८४ मध्ये ‘मायक्रोपेसर’ हा बूट आणला. त्याच्या डाव्या बुटात सेन्सर होता आणि बुटाच्या जिभेवरच्या छोट्या पडद्यावर आकडे दिसत. १९८६ मध्ये प्यूमाचा ‘आरएस-कॉम्प्युटर’ आला. त्याच्या टाचेमागे गणकाची पेटी होती, आणि धावून आल्यावर ती तारेने ॲपल टू-ई किंवा कमोडोर ६४ यांसारख्या घरगुती संगणकाला जोडायची. दोन्ही बूट त्या काळाच्या मानाने धाडसी होते. पण पळता पळता बुटाकडे वाकून पाहता येत नाही, आणि घरी आल्यावर कळलेला वेग त्या धावेपुरता निरुपयोगी ठरतो. आकडा धावतानाच धावपटूपर्यंत पोहोचवण्यासाठी बिनतारी दुवा हवा होता. कॅनडातील आल्बर्टा प्रांतातल्या डायनास्ट्रीम या कंपनीने तो घड्याळांसाठी तयार केला. अत्यल्प विजेवर चालणारी ‘एएनटी’ ही रेडिओपद्धत तिचीच. २००६ च्या अखेरीस गार्मिनने ही कंपनी विकत घेतली.

म्युझिक प्लेअरशी सांगड : २३ मे २००६ रोजी न्यूयॉर्कमध्ये नायकी आणि ॲपल यांनी ‘नायकी प्लस आयपॉड स्पोर्ट किट’ जाहीर केले. त्याच वर्षी जुलैत ते २९ डॉलरला विक्रीस आले. किटमध्ये दोनच वस्तू होत्या. एक, साधारण साडेसहा ग्रॅम वजनाचा लांबट गोल सेन्सर. दुसरी, आयपॉड नॅनो या ॲपलच्या छोट्या म्युझिक प्लेअरच्या तळाच्या ३०-पिन खाचेत खोचायचा नखाएवढा रिसीव्हर. त्यासाठी बनवलेल्या नायकीच्या बुटांत डाव्या पायाच्या आतल्या सोलखाली खोबण असे. सोल उचलायचा, सेन्सर खोबणीत ठेवायचा, सोल पुन्हा बसवायचा, एवढेच काम. दोघांमधले बोलणे २.४ गिगाहर्ट्झ रेडिओलहरींवर चाले.

वापरणाऱ्याचा अनुभव मात्र या दोन तुकड्यांपेक्षा मोठा होता. रिसीव्हर खोचला की आयपॉडच्या यादीत वर्कआउटचा पर्याय उमटे. अंतर, वेळ किंवा उष्मांक यांपैकी लक्ष्य निवडायचे, गाण्यांची यादी लावायची आणि सेन्सर जागा व्हावा म्हणून चार पावले चालायची. मधले बटण दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई आणि पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या आवाजात वेळ, अंतर आणि दर किलोमीटरला लागणारी मिनिटे ऐकू येत. शेवटचे चारशे मीटर उरले की तो आवाज उलटी मोजणी करी. दम संपत आला की हेच बटण दाबून धरायचे. आधी ठरवून ठेवलेले आवडते गाणे लगेच सुरू होई. या सोयीचे नाव ‘पॉवरसाँग’. मोजमापाच्या दृष्टीने ती काहीच नव्हती, पण हे साधन लोकांच्या मनात बसले ते बहुधा तिच्यामुळे. आकडा सांगणारे यंत्र धापा टाकणाऱ्या माणसाला हात देते, ही गोष्ट तोवर कोणी इतक्या सहज जमवली नव्हती.

घरी येऊन आयपॉड संगणकाला जोडला की धाव संकेतस्थळावर चढे आणि तिचा आलेख दिसे. कुठे वेग पडला, कुठे चढला, हे पाहता येई आणि दुसऱ्या शहरातल्या मित्राशी किलोमीटरची पैजही लावता येई. ३१ ऑगस्ट २००८ रोजी नायकीने अनेक देशांतील २५ शहरांत एकाच दिवशी १० किलोमीटरची धाव घेतली. शहरांपासून दूर असलेल्यांना आपल्या सेन्सरवर धावून तीत सामील होता आले.

मोबाइलकडे वाटचाल : सप्टेंबर २००८ च्या दुसऱ्या पिढीच्या आयपॉड टचमध्ये आणि जून २००९ च्या आयफोन ३जीएसमध्ये रिसीव्हर आतच बसवलेला होता. खोचायचा तुकडा गेला, सेन्सर तेवढा उरला. त्यानंतर सेन्सरची गरजही कमी होत गेली. २०१० मध्ये नायकीनेच उपग्रह-मापनावर चालणारे मोबाइल ॲप आणले. २०११ च्या सुधारणेनंतर सहाव्या पिढीचा आयपॉड नॅनो आपल्या अंगच्या प्रवेगमापकावरच धाव मोजू लागला. २०१२ मध्ये ॲपलने ३०-पिन खाच मोडीत काढली, २०१७ मध्ये नॅनोची विक्री थांबली आणि पुढच्या वर्षी नायकीने आपल्या जुन्या मापन-उपकरणांची सेवा बंद केली.

दरम्यान खुला मार्ग तयार झाला होता. ब्लूटूथची कमी विजेवर चालणारी आवृत्ती आली आणि २०१२ मध्ये धावण्याचा वेग व लय यांसाठी तिचा सामाईक नमुना ठरला. एका कंपनीचा सेन्सर आणि दुसऱ्या कंपनीचे ॲप यांना एकमेकांची भाषा कळू लागली. या नमुन्यात क्षणाचा वेग आणि मिनिटाची पावले नेहमी असतात. ढांगेची लांबी आणि एकूण अंतर ऐच्छिक असते. घड्याळांच्या जगात ‘एएनटी प्लस’ ही पद्धत रूढ आहे. मात्र सगळ्या मोबाइलना ती कळत नाही, म्हणून मोबाइलबरोबर वापरायचा पॉड घेताना ब्लूटूथ आहे की नाही हे आधी पाहावे.

जुळवणी : नवा पॉड कारखान्यात ठरवलेल्या सरासरीवर मोजतो. आपली ढांग त्या सरासरीत बसतेच असे नाही. दर मिनिटाला १७० पावले टाकत सहा मिनिटांत एक किलोमीटर जाणाऱ्याचे पाऊल साधारण ९८ सेंटिमीटरचे असते. ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये अशी सुमारे ४३ हजार पावले पडतात. दर पावलाला एका सेंटिमीटरचा फरक राहिला, तर शेवटी ४३० मीटरचा हिशेब चुकतो. म्हणून माहीत असलेल्या अंतरावर धावून पॉडला ते अंतर सांगायचे असते. नायकीच्या किटसाठी किमान ४०० मीटर लागत. त्याहून लांब अंतर घेतले तर आकडा अधिक भरवशाचा येतो. यासाठी धावपट्टी सर्वांत सोयीची, पण तिथे एक चूक फार जण करतात. ४०० मीटरची फेरी ही आतल्या पहिल्या लेनची असते, दुसऱ्या लेनची फेरी सुमारे ४०७ मीटर भरते. दुसऱ्या लेनमधून धावून पॉडला ‘४००’ सांगितले, की पुढची प्रत्येक खरी १० किलोमीटरची धाव त्याला ९.८३ किलोमीटर वाटते, आणि धावणारा आपण मंदावलो म्हणून उगाच खंतावतो.

जुळवणी एकदा केली की कायमची झाली, असेही नाही. बूट बदलला, पॉड सोलखालून काढून नाडीवर लावला किंवा रोजच्या सवयीपेक्षा फार वेगळ्या वेगाने धावलो, तर ती पुन्हा तपासावी. खोबण नसलेल्या बुटांसाठी नाडीवर बांधायच्या लहान पिशव्या आणि चिमटे मिळतात. ते चालतात, पण पक्के बसायला हवेत. डगडगणारा पॉड स्वतःचे हेलकावेही पावलात धरतो. सोल कापून खड्डा करण्याचा उद्योग काही जण करतात, तो न केलेला बरा. सोलचा आधार गेला की टाचेला आणि तळव्याला त्रास होतो, आणि आकड्यासाठी पाय दुखवून घेण्यात काहीच हशील नाही.

उपग्रह-मापनाशी तुलना : मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर मोबाइलचे उपग्रह-मापन उत्तम चालते आणि त्याला जुळवणीही लागत नाही. उंच इमारतींमध्ये, दाट झाडीखाली, वळणावळणाच्या वाटेवर त्याची रेषा भरकटते. बोगद्यात ती तुटते. क्षणाक्षणाचा वेग हा तर त्याचा कच्चा दुवा आहे. वेग बदलल्यावर आकडा काही सेकंद मागे रेंगाळतो. जलद आणि संथ धाव आलटून पालटून करणाऱ्याला हे फार जाचते. पॉडला बदल दोन-चार पावलांतच कळतो. उलट वाट कुठून कुठे गेली हे पॉडला अजिबात कळत नाही, आणि चढ-उतारावर टेकण्याचा वेळ बदलत असल्याने साधा पॉड तिथे गोंधळतो. मार्गासाठी उपग्रह आणि वेगासाठी पॉड, अशी वाटणी अनेक घड्याळांत करता येते आणि ती खरोखर शहाणपणाची आहे.

संगीत आणि लय : ठेक्यावर पाऊल टाकणे माणसाला सहज जमते. संगीताचा व्यायामावर होणारा परिणाम ब्रुनेल विद्यापीठातील कोस्टास कॅरागिऑर्गिस यांनी दीर्घकाळ अभ्यासला आहे. मध्यम जोरापर्यंतच्या व्यायामात गाण्यामुळे श्रम कमी जाणवतात, मात्र जोर फार वाढला की शरीराची हाक गाण्यापेक्षा मोठी होते, असे या अभ्यासांतून दिसते. पॉड लय मोजतो आणि प्लेअर गाणे वाजवतो, तर मिनिटाच्या पावलांना जुळणारे गाणे यंत्रानेच निवडावे, हा विचार ओघाने आला. २०१५ मध्ये स्पॉटिफायने मोबाइलच्या सेन्सरवरून लय ओळखून गाणी देणारी सोय सुरू केली होती. पुढे ती बंद झाली.

स्पर्धेत मात्र गाण्यावर बंधने आहेत. अमेरिकेच्या ॲथलेटिक्स संघटनेने २००७ मध्ये आपल्या अखत्यारीतील शर्यतींत इअरफोनवर सरसकट बंदी घातली होती. २००८ च्या अखेरीस ती सैल केली आणि अजिंक्यपद किंवा बक्षिसासाठी धावणाऱ्यांपुरती ठेवली. रहदारीच्या रस्त्यावर हा नियम धावणाऱ्याने स्वतःच स्वतःला लावावा. मागून येणारे वाहन कानाला कळले पाहिजे. एका कानातला इअरफोन काढून ठेवला तरी वेग आणि अंतर ऐकू येतेच.

उणिवा आणि खासगीपणा : नायकीच्या सेन्सरची सर्वांत मोठी उणीव म्हणजे न बदलता येणारी बॅटरी. तिची क्षमता १,००० तासांहून अधिक सांगितली जाई, पण ती संपली की चांगला चालणारा सेन्सर फेकून नवा घ्यावा लागे. बटण-सेल बदलता येणारे किंवा चार्ज करता येणारे पॉड त्याहून कितीतरी बरे.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. २००६ मध्येच सिॲटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की प्रत्येक सेन्सर आपला स्वतंत्र ओळखक्रमांक उघडपणे हवेत सोडतो. आयपॉड जवळ नसला, माणूस धावत नसून नुसता चालत असला, तरीही. स्वस्तात बनवलेल्या रिसीव्हरने तो क्रमांक सुमारे १८ मीटरवरून टिपता येई. दारोदारी असे रिसीव्हर ठेवले, तर एखादी व्यक्ती कधी कुठून गेली याची नोंद तिच्या नकळत होऊ शकली असती. सेन्सरवर बंद करण्याचे बटण होते, पण रोजच्या वापराच्या बुटात तो दडवल्यावर सोल उचलून ते बटण दाबायला कोण जाणार? अंगावर वागवायच्या उपकरणांच्या खासगीपणाविषयी पुढे जी चर्चा झाली, तिच्यात हे उदाहरण फार लवकर आलेले आणि नेमके होते.

सद्यःस्थिती : आजचे पॉड ढांगेची लांबी, जमिनीवर टेकण्याचा वेळ, पाऊल टाचेवर पडते की चवड्यावर, असे बरेच काही सांगतात. स्ट्राइडसारखे पॉड धावण्याची शक्ती वॅटमध्ये देतात. सायकलच्या पॅडलवर पडणारा जोर थेट मोजता येतो, तसे धावण्यात होत नाही. हा आकडा हालचालींवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून तो एकाच धावपटूच्या दोन धावांची तुलना करण्यापुरता वापरावा. अंडर आर्मर या बूट-कंपनीने काही बुटांच्या तळातच सेन्सर घातला होता. त्याची अडचण अशी की बूट झिजला की सेन्सरही त्याच्याबरोबर जातो. ट्रेडमिलवर तर पॉडला आजही तोड नाही. तिथे उपग्रहाला धावणारा जागच्या जागी उभा दिसतो आणि यंत्राच्या पट्ट्यावरचा आकडा वर्षानुवर्षे तपासलेला नसतो. झ्विफ्टसारख्या आभासी मार्गावरच्या खेळात पडद्यावरची आकृती किती वेगाने पळेल, हे नाडीवर अडकवलेला हा छोटा तुकडाच ठरवतो.