क्रॉसफीड आणि सराउंड: दोन बटणांची गफलत

हेडफोनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रॉसफीड’ आणि ‘सराउंड’ ही बटणं बऱ्याचदा शेजारीशेजारी असतात. कुठलंही दाबलं तरी आवाज डोक्यातून जरा बाहेर सरकल्यासारखा वाटतो, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. बनवणाऱ्याने तसं समजलं, तर मात्र त्याची चाचणीच चुकते.

क्रॉसफीड तसं साधं प्रकरण. खोलीत डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही ऐकू येतो, जरासा उशिरा आणि दबलेला. हेडफोनवर डावं ते डाव्या कानात, उजवं ते उजव्याच. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये ड्रम पूर्ण एका बाजूला आणि गायक दुसऱ्या बाजूला असला की कान शिणतात ते यामुळेच. ध्वनी-अभियंते बेंजामिन बाउअर यांनी १९६१ मध्ये यावर तोडगा मांडला. एका बाजूचा थोडा आवाज, वरच्या फ्रिक्वेन्सी दाबून, किंचित उशिराने दुसऱ्या कानात सोडायचा. उशीर साधारण ०.३ मिलिसेकंद धरला, तर सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने, या रेटला तो जेमतेम १४ सॅम्पल भरतो. एवढाच कारभार. मागून हेलिकॉप्टर आल्याचा भास यातून होणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

सराउंड प्रोसेसरला जागा दाखवायची असते. ५.१ मध्ये, म्हणजे पाच चॅनेल आणि एक खर्जाचा अशा मांडणीत, मधला स्पीकर समोर, पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, बाजूचे सुमारे ११० अंशांवर मानतात. त्या प्रत्येक जागेहून निघालेला आवाज डोकं, खांदे आणि कानाची पाळी यांना लागून कानात शिरताना कसा बदलतो, ते आधी मोजावं लागतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९९४ मध्ये केमार नावाच्या पुतळ्याच्या कानात माइक बसवून ७१० दिशांची मोजमापं घेतली होती. ती आजही कामाला येतात. अशा प्रत्येक मोजमापातून आवाजात तोच बदल करणारा फिल्टर बनतो. पाच चॅनेल गुणिले दोन कान, म्हणजे दहा फिल्टर झाले. सहावा चॅनेल खर्जाचा. त्याची दिशा कानाला जवळपास कळतच नाही, म्हणून तो सरळ दोन्हीकडे मिसळला तरी चालतं. फक्त एवढं सगळं दोनच चॅनेलमध्ये ओतताना पातळी आधीच उतरवून ठेवायची, नाहीतर स्फोटाच्या दृश्यात आवाज फाटतो.

खरी गंमत चाचणीत आहे. क्रॉसफीडचा बराचसा भाग यंत्रावर तपासता येतो. दोन्ही चॅनेलला एकच पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला सळसळता आवाज) द्या आणि आलेख बघा. ०.३ मिलिसेकंद उशिराची प्रत मूळ आवाजात मिसळली की १,६५० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडू शकतो. वरच्या फ्रिक्वेन्सी नीट दाबल्या नसतील, तर मधोमध गाणाऱ्याचा आवाज पोकळ लागतो. मग एबीएक्स, म्हणजे नाव झाकून ओळखायला लावायचं. १६ पैकी १२ वेळा बरोबर आलं, तर तो निव्वळ नशिबाचा खेळ असण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी.

सराउंडला हीच परीक्षा लावणं म्हणजे वेळ घालवणं. फरक तर पहिल्या सेकंदाला कळतो! तिथे विचारायचं असतं, ‘आवाज कुठून आला?’ ऐकणाऱ्याचे डोळे बांधा, बोटाने दाखवायला सांगा. समोरचा आवाज मागे दाखवणारे हमखास निघतात, कारण पुतळ्याचे कान त्यांचे नसतात. आणि बनवणाऱ्याने स्वतःच्या कानावर तर मुळीच भिस्त ठेवू नये. तोच फिल्टर काही आठवडे ऐकून कान त्याला सरावतात, आणि आपलं बाळ आपल्याला गोंडसच दिसतं. दोन्ही प्रकारांत एक पथ्य सारखं: तुलना करताना आवाजाची पातळी तंतोतंत जुळवायची. किंचित मोठं वाजणारं नेहमीच ‘भारी’ वाटतं.

चॅनेलच्या क्रमाची चूक तर सराउंडच्याच वाट्याची. वेव्ह फाइलमध्ये क्रम डावा, उजवा, मधला असा असतो. सिनेमाच्या जुन्या क्रमात मधला दुसऱ्या नंबरवर येतो. घोळ झाला की नायिकेचे संवाद उजवीकडून येतात आणि खर्जाचा दणका बाजूच्या उजव्या चॅनेलमध्ये जातो. म्हणून पहिली चाचणी फिल्टरची नको. प्रत्येक चॅनेलवर त्याचं नाव उच्चारणारी फाइल वाजवून बघायची.

उरला दोन्ही बटणं एकदम दाबणारा. सराउंडच्या फिल्टरमध्ये पलीकडच्या कानाचा वाटा आधीच असतो. त्यावर क्रॉसफीड चढवलं की दिशांचा चिखल होतो. त्यामुळे सराउंड चालू होताच क्रॉसफीड आपोआप बंद पडतं का, हेही बाहेर सोडण्याआधी तपासून घ्यावं.