लिनक्समधील अनधिकृत रिपॉझिटरी आणि त्यांचे धोके

लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोंची (उबुंटू, फेडोरा यांसारख्या वितरणांची) स्वतःची पॅकेज रिपॉझिटरी, म्हणजे इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअर-पॅकेजांचा संग्रह, असते. तिच्याबाहेर एखाद्या कंपनीने, प्रकल्पाने किंवा एकट्यादुकट्या व्यक्तीने चालवलेल्या रिपॉझिटरीला अनधिकृत किंवा त्रयस्थ रिपॉझिटरी म्हणतात. उबुंटूवरील पीपीए (वैयक्तिक पॅकेज-संग्रह), फेडोराचे कोपर आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनी आपापल्या सर्व्हरवर ठेवलेले पॅकेज-संग्रह या प्रकारात मोडतात. आर्च या डिस्ट्रोच्या एयूआर या वापरकर्त्यांनी भरलेल्या संग्रहात तयार पॅकेजे नसून ती बांधण्याच्या पीकेजीबिल्ड स्क्रिप्ट असतात, पण धोका त्याच जातीचा. डिस्ट्रोत नसलेले सॉफ्टवेअर किंवा त्याची नवी आवृत्ती हवी म्हणून लोक अशा रिपॉझिटरी जोडतात. गरज खरीच असते; मात्र त्या बदल्यात आपण काय देऊन बसतो, याची कल्पना बहुतेकांना नसते.

पॅकेज रूटच्या, म्हणजे संगणकावरील सर्वोच्च वापरकर्त्याच्या, अधिकाराने बसते. डेबियन-उबुंटूच्या डेब पॅकेजमध्ये फायलींबरोबर प्रीइन्स्ट, पोस्टइन्स्ट, प्रीआरएम आणि पोस्टआरएम या (पॅकेज बसवण्याच्या व काढण्याच्या आधी-नंतर चालणाऱ्या) स्क्रिप्ट असू शकतात आणि डीपीकेजी हे पॅकेज बसवणारे साधन त्या रूट म्हणून चालवते. फेडोराच्या आरपीएम पॅकेजमध्येही हीच सोय आहे. म्हणजे प्रोग्रॅम एकदाही उघडला नाही, तरी इन्स्टॉल होतानाच त्याला संगणकावर हवे ते करता येते. शिवाय हा अधिकार एकदाच दिला जात नाही. रिपॉझिटरी यादीत आहे तोवर प्रत्येक अपडेटला तो पुन्हा दिला जातो आणि त्या दिवशी सर्व्हर व पॅकेजांवर डिजिटल सही करण्याची की ज्याच्या ताब्यात असेल, त्याला मिळतो. आज तपासलेले पॅकेज स्वच्छ निघाले, तरी सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्तीबद्दल त्यावरून काहीच कळत नाही.

ताबा कसा बदलतो, हे डेबियन-मल्टिमीडियाच्या प्रकरणात दिसले. कोडेकसाठी (ऑडिओ-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या घटकांसाठी) अनेकांनी जोडलेली ही अनधिकृत रिपॉझिटरी नव्या नावाने दुसऱ्या पत्त्यावर गेली आणि जुने डोमेन पुढे अनोळखी माणसाने नोंदवले. जून २०१३ मध्ये डेबियनने तो पत्ता सोर्सेस डॉट लिस्ट या रिपॉझिटरींच्या यादीतून काढून टाकण्याचे जाहीर आवाहन केले. नव्या मालकाकडे जुनी की नसल्याने एपीटी या डेबियनच्या पॅकेज-साधनाने सहीची तक्रार केली असती, हे खरे. पण अशी तक्रार आली की संदेशात दिसणारी की शोधून बिनदिक्कत जोडण्याची सवय अनेकांना असते आणि तिथेच हे संरक्षण संपते. एयूआरमध्ये तर ताबा उघडपणे घेता येतो. २०१८ मध्ये तिथले वाली नसलेले ‘अ‍ॅक्रोरीड’ पॅकेज एकाने दत्तक घेतले आणि त्यात बाहेरून स्क्रिप्ट उतरवून चालवणारी ओळ घातली. जुलै २०२५ मध्ये ब्राउझरच्या नावाशी साधर्म्य सांगणाऱ्या काही एयूआर पॅकेजांतून केऑस रॅट हा दूरनियंत्रण मालवेअर पसरवला गेला.

पॅकेज नीट चालते, हा ते निर्धोक असल्याचा पुरावा नव्हे. फ्री डाउनलोड मॅनेजरच्या संकेतस्थळावरून २०२० ते २०२२ या काळात काही वापरकर्त्यांना परस्पर दुसऱ्या डोमेनवरचे डेब पॅकेज दिले जात होते. त्याची पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट व्हार-टीएमपी डिरेक्टरीत दोन एक्झिक्युटेबल फायली ठेवी आणि दर १० मिनिटांनी त्यांतील एक चालवणारे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारे) काम लावी. पासवर्ड आणि क्लाउड सेवांची ओळखपत्रे चोरीला जात होती, पण डाउनलोड मॅनेजर मात्र व्यवस्थित काम करत होता. कॅस्परस्कीने सप्टेंबर २०२३ मध्ये हे उघड केले.

पॅकेजांवरची जीपीजी (डिजिटल) सही एवढेच सांगते की पॅकेज अमुक कीच्या धारकाकडून आले आणि वाटेत बदलले नाही. आत काय आहे, याची हमी ती देत नाही. पूर्वी एपीटी-की या आज्ञेने जोडलेली की सर्वच रिपॉझिटरींसाठी ग्राह्य धरली जाई, म्हणून ती पद्धत मोडीत काढली गेली. आता की वेगळ्या फाइलमध्ये ठेवून रिपॉझिटरीच्या नोंदीतील साइन्ड-बाय या पर्यायाने ती एकाच रिपॉझिटरीला बांधतात. सहीची तपासणी बंद करणारे ‘ट्रस्टेड=येस’ किंवा ‘जीपीजीचेक=०’ लिहायला सांगणाऱ्या सूचना पाळू नयेत.

साइन्ड-बाय लावले म्हणजे काम झाले, असा समज सर्रास आढळतो. त्याने कोणती की चालेल हे ठरते, रिपॉझिटरीने कोणती पॅकेजे द्यावीत हे नाही. एपीटीत सर्व रिपॉझिटरींना सहसा ५०० हाच प्राधान्यक्रम असतो आणि बरोबरी झाली की मोठा आवृत्तिक्रमांक जिंकतो. त्यामुळे एका छोट्या साधनासाठी जोडलेल्या रिपॉझिटरीने ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीची वरच्या क्रमांकाची प्रत ठेवली, तर पुढच्या अपग्रेडला तीच बसते. यात दुष्ट हेतू नसला तरी नुकसान होते: डिस्ट्रोने नंतर काढलेली सुरक्षा-दुरुस्ती कमी क्रमांकाची ठरते आणि येतच नाही. उपाय पिनिंगचा, म्हणजे पॅकेजांचा प्राधान्यक्रम स्वतः ठरवण्याचा. एपीटीच्या प्रेफरन्सेस डॉट डी डिरेक्टरीत त्या सर्व्हरच्या सगळ्या पॅकेजांना उणे १ (म्हणजे बसवूच नये) आणि फक्त हव्या त्या पॅकेजाला ५०० द्यावे, मग ‘एपीटी-कॅशे पॉलिसी’ चालवून नोंद लागू झाली का ते पाहावे. हव्या पॅकेजाला त्याच रिपॉझिटरीतले दुसरे पॅकेज लागत असेल, तर त्याचीही स्वतंत्र नोंद करावी लागते. फेडोराच्या डीएनएफ या पॅकेज-साधनात हेच काम इन्क्लूडपीकेजीएस हा पर्याय करतो. तिथे प्राधान्यक्रम उलटा चालतो, मूळ किंमत ९९ आणि लहान आकडा वरचढ.

पहिल्यांदा इन्स्टॉल करताना पॅकेज नुसते उतरवून घ्यावे, डीपीकेजी-डेबने त्याचा नियंत्रण-भाग वेगळा काढावा आणि पोस्टइन्स्ट वाचावी. कर्ल किंवा डब्ल्यूगेट (बाहेरून फाइल उतरवणारी साधने), बेस६४ (मजकूर सांकेतिक रूपात लपवण्याची पद्धत), क्रॉन वा सिस्टमडी टायमर (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) दिसला की थांबावे. क्रोमसारखी काही पॅकेजे स्वतःची रिपॉझिटरी आपणहून यादीत घालतात, हेही तिथेच कळते. एयूआरमध्ये पीकेजीबिल्डबरोबर इन्स्टॉल फाइलही वाचावी, आणि प्रत्येक अपडेटला काय बदलले ते पाहावे.

यादीतून रिपॉझिटरी काढली तरी तिची पॅकेजे संगणकावर राहतात आणि त्यांना अपडेट मिळेनासे होतात. पीपीए-पर्ज पीपीएमधली पॅकेजे डिस्ट्रोच्या आवृत्तीवर परत आणते. आर्चमध्ये ‘पॅकमन -क्यूएम’ ही आज्ञा यादीतल्या कोणत्याही रिपॉझिटरीत नसलेल्या पॅकेजांची यादी देते. घातक स्क्रिप्ट रूट म्हणून एकदा चालून गेली असेल, तर पॅकेज काढून भागत नाही. स्वच्छ माध्यमावरून सिस्टम नव्याने बसवावी, आणि पासवर्ड व एसएसएच की दुसऱ्या संगणकावरून बदलाव्यात.