डबा घट्ट लावला की यीस्ट गुदमरतं?

‘पिठाचा डबा घट्ट लावू नका, ऑक्सिजनविना यीस्ट मरतं,’ असं बरीच वर्षं फिरतंय. यीस्ट ऑक्सिजनशिवायही साखर आंबवतं. शॅम्पेनच्या बंद बाटलीत ते दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या 5-6 पटींपर्यंत नेतं. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडने वेग मात्र मंदावतो. उलट दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजनच पेशींना इजा करतो.

पडताळा सोपा: 100 मिली कोमट पाणी, चमचा-चमचा यीस्ट आणि साखर, प्लास्टिकच्या बाटलीत, तोंडाला फुगा. फुगा तासाभरात उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तळाचा गाळ ताज्या साखरपाण्यात घाला, पुन्हा बुडबुडे येतील. (काचेच्या बाटलीला बूच नको, फुटते.)

पीठ फुगलंच नाही, तर बहुधा यीस्ट जुनं असतं किंवा पाणी 60 अंशांच्या पुढे गेलेलं.