क्षारपड जमीन आणि श्रीमंतीची कमान

‘आधी पैसा येऊ द्या, पर्यावरणाचे मागाहून बघता येईल,’ हे वाक्य सांगलीत उसाच्या दरापासून कारखान्याच्या मळीपर्यंत कोणत्याही चर्चेत कानावर पडते. बोलणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, त्यामागे अर्थशास्त्रातील एक प्रसिद्ध आलेख उभा असतो. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये अनेक देशांतील शहरांच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड आणि तेथील दरडोई उत्पन्न यांची सांगड घातली, तेव्हा उत्पन्नाबरोबर प्रदूषण आधी चढते आणि पुढे उतरते, अशी पालथ्या कढईसारखी कमान त्यांना दिसली. सायमन कुझनेट्स यांनी 1955 मध्ये विषमतेबाबत अशीच कमान मांडली होती, म्हणून हिला ‘पर्यावरणीय कुझनेट्स वक्र’ म्हणतात.

ही उतरण आपोआप येते असे मानण्यास आधार नाही, हे त्याच दोघांनी 1995 मध्ये लिहून ठेवले आहे. पण तेवढे वाक्य सोयीने विसरले जाते. लंडनमध्ये 1952 च्या विषारी धुक्याने हजारो माणसे दगावली आणि 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. तेथे कोळसा जाळणारे आणि खोकणारे एकाच शहरात होते, आणि धूर थांबला की हवा काही दिवसांत निवळत होती. जेथे नुकसान साठत जाते, तेथे काय होते?

त्यासाठी सांगली जिल्ह्याच्या वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील नदीकाठच्या क्षारपड, म्हणजे क्षार साठून नापीक होत गेलेल्या, जमिनी पाहाव्यात. उसाला वर्षाकाठी सुमारे 2 मीटर खोलीचे पाणी लागते, म्हणजे एकरी साधारण 80 लाख लिटर. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार धरले, तरी एकरी 4 टन क्षार दरवर्षी शेतात येतात. पीक पाणी शोषते, क्षार बहुतांशी मागेच ठेवते. निचरा चांगला असेल तर ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली वाहून जातात. पण काळ्या चिकण मातीत अतिरिक्त पाण्यामुळे भूजलाची पातळी वर येते, मातीच्या बारीक छिद्रांतून ते पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पृष्ठभागाकडे चढते, तेथे त्याची वाफ होते आणि पांढरा थर उरतो. पुढे सोडियमचे आयन मातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा घेतात, कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात आणि जमीन आणखी कमी निचरते. म्हणजे रोगच रोगाला खतपाणी घालतो. अशा शेताच्या बांधावर लिंबू-मिरची टांगणे किंवा ‘आठवड्यात क्षार गायब’ करणारी बाटली विकत घेणे, दोन्ही सारखेच निरुपयोगी, कारण 4 टन मीठ बाहेर जाण्यास वाट लागते.

ती वाट म्हणजे जमिनीखाली घातलेले सच्छिद्र पाइप आणि ते जेथे सुटतात तो चर किंवा नाला. येथे पैसेवाला शेतकरीही एकटा हतबल ठरतो, कारण नाला खालच्या शेतातून जातो आणि तो गाळाने बुजलेला असेल, तर वरच्याचा खर्च पाण्यात जातो. शिवाय पाणीपट्टी एकरावर आकारली, तर जादा पाणी देणाऱ्याला एक पैसाही अधिक पडत नाही. महाराष्ट्राच्या 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याची तरतूद केली, ती याच गाठीवर बोट ठेवणारी आहे.

2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेपाळमधील सिंचन योजना तपासल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले आणि चालवलेले साधे कालवे शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचवण्यात सरकारी खात्यांच्या काँक्रीटच्या योजनांहून अनेकदा सरस ठरले. दुरुस्तीला कोण आले नाही, पाळी कोणी मोडली, हे तेथे शेजारीच पाहत होते. दरडोई उत्पन्नाच्या आलेखात शेजाऱ्यांची ही देखरेख कोठेच दिसत नाही. माझ्या मते कमान उतरते ती अशा व्यवस्थांमुळे. उत्पन्न त्यांचा खर्च परवडण्यापुरते उपयोगी पडते.

चर यशस्वी झाला, तरी त्यातले क्षार कृष्णेत जातात आणि खालच्या गावांच्या उपसा योजना तेच पाणी उचलतात. पुढे नदी कर्नाटकात शिरते. नदीच्या पाणीवाटपाचा तंटा सोडवणाऱ्या कृष्णा लवादाने 1976 मध्ये महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटून दिले. हे आकडे पाण्याच्या घनफळाचे आहेत. त्या पाण्यात किती मीठ असावे, याचा हिशेब त्यांत नाही.