पार्श्वभूमी : लवकर पेरायचा गहू आणि तांबेऱ्याशी लपंडाव

उत्तरेत पूर्वी उंच वाढणारे देशी गहू ऑक्टोबरअखेरीलाच जमिनीत पडत. १९६०च्या दशकात मेक्सिकोहून बुटके वाण आले आणि पेरा नोव्हेंबरात सरकला. या नव्या वाणांना दिवसाच्या लांबीशी सोयरसुतक नव्हतं. ऑक्टोबरच्या उबेत पेरले की ते पुरेसे फुटवे फुटण्याआधीच निसवायला लागत आणि ओंब्या ऐन कडाक्यात सापडत. पुढची चाळीसेक वर्षं 'वेळेवर पेरा' म्हणजे नोव्हेंबर, यावर फारसा कोणी वाद घातला नाही. मग मार्च तापू लागला. २०२२ साली मार्चमध्येच उष्णतेची लाट आली, दाणा भरता भरता चिरमुटला आणि मे महिन्यात निर्यातबंदी झाली. दाणा उन्हाआधी भरावा म्हणून त्याआधीच पंजाब-हरियाणासाठी २५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर या पेरणीच्या मुदतीचे खास वाण बाजारात यायला लागले होते. २०२२नंतर त्यांची मागणी वाढली.

वाण निवडताना खरी अडचण उन्हाची नाही, तांबेऱ्याची, म्हणजे गव्हावरच्या बुरशीजन्य रोगाची आहे. तो तीन प्रकारचा : पिवळा, काळा आणि पानावरचा नारिंगी. पिवळ्या तांबेऱ्याला १० ते १५ अंशांचा गारवा आणि पानावरचं दव लागतं. लवकर पेरलेलं रान डिसेंबरअखेरीला दाट झालेलं असतं, आणि हिमालयाच्या पायथ्याशी रोगाचे पहिले ठिपके साधारण तेव्हाच दिसायला लागतात. अशा रानातून फिरून आलं की पँटच्या पायांना हळद लागल्यासारखी भुकटी बसते. म्हणजे उन्हापासून वाचवलेलं पीक रोगाच्या तावडीत जास्त दिवस राहतं.

जुना इतिहास थोडक्यात. तांबेरा दरवर्षी येतो कुठून, हे कोडं १९२०-४०च्या काळात आग्र्याच्या एका प्राध्यापकांनी सोडवलं : मैदानातल्या उन्हाळ्यात तो मरतो, डोंगरांत तगतो आणि तिथून पुन्हा खाली उतरतो. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने गहू झोपवला, त्यानंतर प्रतिकारक वाणांच्या कामाला जोर आला. बुटक्या वाणांमधला कल्याणसोना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पानावरच्या तांबेऱ्याने मागे पडला. हे सगळं पाठ्यपुस्तकांत आहे.

आजच्या निवडीवर सावली आहे ती १९९५मध्ये प्रसारित झालेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या वाणाची. त्याच्या अंगात राय या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा होता. त्यावर तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची जनुकं एकत्र बसलेली होती. त्यांतलं पिवळ्याविरुद्धचं जनुक म्हणजे वायआर ९. शिवाय वायआर २७ हे जनुक वेगळं. वाण उत्तरेत लाखो हेक्टरांवर पसरला. पण वायआर ९ला न जुमानणारी तांबेऱ्याची जात भारतात १९९६मध्येच सापडली होती, आणि २००१मध्ये वायआर २७लाही भेदणारी आली. तरीही पेरा थांबला नाही, कारण उतारा येत होता आणि बियाणं हाताशी होतं. २००८ ते २०११च्या हंगामांत जम्मूपासून हरियाणापर्यंत पिवळा तांबेरा उसळला. मग २०११चा एचडी २९६७ आला, तोही तसाच सर्वदूर झाला, आणि काही वर्षांत पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या जातींपुढे तोही नमला. एका वाणाखाली एवढं क्षेत्र जाऊ द्यायचं की नाही, हा निर्णय कागदावर कधी कोणी घेतलेला नाही, तो आपोआप घडत गेला.

आता वादाचा मुद्दा. २०२०च्या सुमारास लवकर पेरणीसाठी डीबीडब्ल्यू १८७, डीबीडब्ल्यू ३०३, डब्ल्यूएच १२७० असे वाण शिफारशीत आले. हेक्टरी ७५-८० क्विंटलचे जे सरासरी आकडे त्यांच्या पत्रकांवर छापले गेले, ते नेहमीच्या मशागतीतले नाहीत. चाचण्यांत शिफारशीच्या दीडपट खत होतं, म्हणजे हेक्टरी २२५ किलो नत्र, ९० स्फुरद, ६० पालाश, वर १५ टन शेणखत. एवढ्या नत्रावर गहू लोळणारच. म्हणून वाढ आखडणारं क्लोरमेक्वाट ०.२ टक्के आणि सोबत टेब्युकोनॅझोल ०.१ टक्के, अशा दोन फवारण्या : एक पहिली कांडी धरताना, दुसरी शेंड्याचं पान आल्यावर. टेब्युकोनॅझोल हे मुळात बुरशीनाशक, आणि पिवळ्या तांबेऱ्यावर ते चालतं.

मग पत्रकातला 'प्रतिकारक' हा शब्द फवारणीच्या जोरावर तर नाही ना? इथे दोन बाजू आहेत. पैदासकारांचं म्हणणं असं की रोगप्रतिकार निराळ्या रोपवाटिकांत, फवारणीशिवाय, मुद्दाम रोग लावून तपासला जातो. उताऱ्याच्या चाचणीशी त्याची गल्लत करू नये. ते बरोबर आहे. पण शेतकऱ्याच्या हातात पडतं ते एकच पत्रक. त्यात '८० क्विंटल' आणि 'तांबेरा प्रतिकारक' शेजारी शेजारी असतात, आणि फवारणीचा तपशील बारीक अक्षरांत. फवारणी वगळली आणि खत मात्र दीडपट टाकलं, तर दाट, हिरव्यागार रानात तांबेऱ्याची चंगळ होते. ही शिफारस नुसती 'वाण' म्हणून न देता खत-फवारणीसकट 'पॅकेज' म्हणूनच द्यायला हवी होती, असं मला वाटतं.

भातानंतरच्या रानात २५ ऑक्टोबर गाठणंही सोपं नाही. पंजाबात भूजल वाचवण्यासाठी २००९पासून भाताची लावणी कायद्याने जूनमध्ये पुढे ढकललेली आहे. काढणी तितकी उशिरा, आणि पेंढा शेतातच. पेंढ्यातून पेरणारी यंत्रं आली म्हणून लवकरचा पेरा थोडाफार जमतो.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. महाराष्ट्राच्या सपाटीवर पिवळा तांबेरा टिकत नाही, गारवाच पुरत नाही. इथला शत्रू म्हणजे नारिंगी आणि काळा तांबेरा. त्यांचे बीजाणू दक्षिणेच्या डोंगरांतून नोव्हेंबरच्या वादळी पावसाबरोबर वर येतात आणि उशिरा पेरलेल्या कोवळ्या पिकाला गाठतात. म्हणून इथे ऑक्टोबरच्या उत्तरार्धातला जिरायती पेरा रोगातून बराचसा निसटतो. त्या पेऱ्यासाठी पंचवटी, नेत्रावती असे निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे वाण आहेत. खपली गव्हाची तर गोष्टच वेगळी : काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी अमेरिकेत जो बारा गव्हांचा संच ठरला, त्यात एक खपली होती, आणि तिच्यातली प्रतिकार-जनुकं पुढे परदेशी वाणांत गेली.

उत्तरेतल्या वाणांची पत्रकं आता इथल्या व्हॉट्सअॅप गटांवरही फिरतात. त्यांतला 'प्रतिकारक' हा शब्द बहुधा पिवळ्या तांबेऱ्याबद्दल असतो, आणि शिफारस गव्हाच्या वायव्य विभागासाठी. महाराष्ट्र मात्र द्वीपकल्पीय विभागात मोडतो, म्हणून ती शिफारस इथे लागू होत नाही.