नळी तेवढीच, बंदूक आखूड

अमेरिकी सैन्याची एम-16ए2 रायफल साधारण एक मीटर लांब आहे. ऑस्ट्रियाची स्टायर ऑग 79 सेंटिमीटर. दोघींची नळी मात्र तंतोतंत सारखी, 508 मिलिमीटर. मग मधले एकवीस सेंटिमीटर गेले कुठे?

ते खांद्यात गेले. नेहमीच्या रायफलीत चाप, त्याच्या पुढे मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि चेंबर (काडतूस जिथे फुटतं ती जागा), आणि चापाच्या मागे खांद्याला टेकवायचा दस्ता, अशी मांडणी असते. हा दस्ता बहुतेक पोकळच असतो. त्याचं काम एकच, हात आणि खांदा यांच्यात अंतर ठेवणं. बुलपप रायफलीत ही रिकामी जागा वापरात आणली आहे. चेंबरचं तोंड बंद करणारा बोल्ट, चेंबर, मॅगझिन असा सगळा संसार दस्त्यात हलवला आणि चाप त्याच्या पुढे आणून बसवला. नळी गालाजवळूनच सुरू होते, त्यामुळे ती न कापता बंदूक आखूड होते.

नळी कापली तर बिघडतं काय? गोळी सुटली तरी मागचा तप्त वायू प्रसरण पावतच असतो आणि नळीत असेपर्यंत तो गोळीला ढकलत राहतो. 508 मिलिमीटरच्या नळीतून 5.56 मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारे 950 मीटर वेगाने बाहेर पडते. एम-4 कार्बाइनच्या, म्हणजे एम-16 च्या आखूड भावंडाच्या, 368 मिलिमीटरच्या नळीतून हा वेग 900 च्या आसपास येतो. फरक फार वाटत नाही, पण ही हलकी गोळी आपलं काम मुख्यतः वेगाच्या जोरावरच करते. शिवाय आखूड नळीच्या तोंडाशी वायूचा दाब जास्त उरतो, म्हणून भडका आणि आवाज दोन्ही वाढतात.

कल्पना नवी नाही. 1901 च्या सुमारास ब्रिटनमध्ये थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइन याच मांडणीची झाली होती. 1951 मध्ये ब्रिटनने ईएम-2 ही बुलपप स्वीकारली आणि लगेच बासनात गुंडाळली, कारण नाटोचं मत दुसऱ्या, जास्त ताकदवान काडतुसाकडे झुकलं. खरा जम बसला तो 1970 च्या दशकाच्या अखेरीस, ऑस्ट्रियाची ऑग आणि फ्रान्सची फामास आल्यावर. त्यानंतर ब्रिटनची एसए-80, चीनची क्यूबीझेड-95 आणि इस्रायलची टेव्होर. यातली टेव्होर आपल्याही ओळखीची आहे. पॅरा कमांडो, नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड ती वापरतात, आणि ग्वाल्हेरजवळ मालनपूरच्या कारखान्यात तिच्या घराण्यातल्या बंदुका बनतात.

भारतात सर्वसामान्य नागरिकाला नेहमीच्या परवान्यावर सेमी-ऑटोमॅटिक (दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाणारी) रायफल मिळत नाही, त्यामुळे अशी रायफल पाळण्याची हौस ही मुख्यतः अमेरिकेची गोष्ट. तिथेही तिला खतपाणी घातलं ते एका जुन्या कायद्याने. 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार रायफलीची नळी 16 इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी 26 इंचांपेक्षा कमी असेल तर तिची वेगळी नोंदणी करावी लागते. साध्या मांडणीत 16 इंची नळीची बंदूक 26 इंचांच्या बरीच पुढे जाते. बुलपप मात्र त्या रेषेवर येऊन उभी राहते. 2013 मध्ये अमेरिकी नागरिकांसाठी आलेल्या टेव्होरची नळी साडेसोळा इंच आणि एकूण लांबी सव्वीस पूर्णांक एक अष्टमांश इंच आहे. म्हणजे कायद्यापासून जेमतेम तीन मिलिमीटर दूर! दस्त्याची मागची रबरी गादी बदलून पातळ लावली की ही बंदूक गुन्ह्याच्या हद्दीत जाऊ शकते. कॅलिफोर्नियात तर सेमी-ऑटोमॅटिक रायफलीसाठी ही मर्यादा 30 इंच आहे, म्हणजे तिथे बुलपपचा मुख्य फायदाच कायद्याने काढून घेतला.

आता या मांडणीची किंमत बघू. ती सगळ्यात आधी बोटाला कळते.

नेहमीच्या रायफलीत चाप आणि काडतूस फोडणाऱ्या घोड्याला अडवून धरणारा खटका यांच्यात काही मिलिमीटरांचं अंतर असतं. बुलपपमध्ये चाप पुढे राहिला आणि घोडा मागे गेला, म्हणून दोघांना जोडायला लांब सळई किंवा पट्टी लागते. बोट चाप मागे ओढतं आणि खटकाही मागेच आहे, त्यामुळे ही सळई ढकलली जाते. खरी अडचण इथे आहे. केरसुणीचा एक हीर दोन्ही टोकांना धरून ताणा, तो सरळच राहील. तोच दोन्हीकडून दाबला की लगेच बाक घेतो. सळई लांब आणि बारीक असेल तेवढी ती लवकर वाकते. अठराव्या शतकात ऑयलरने मांडलेल्या सूत्रानुसार लांबी दुप्पट केली की वाकायला लागणारा भार चौथ्या हिश्श्यावर येतो. चापाची सळई काही मोडत नाही, पण किंचित लवते आणि बाजूच्या प्लॅस्टिकला घासते. बोटाचं काही बळ ती स्प्रिंगसारखं साठवून ठेवते आणि काही घर्षणात घालवते. खटका नेमका कधी सुटणार, हे मग बोटाला कळत नाही.

त्यात बंदूक पडली-आपटली तरी गोळी आपोआप सुटू नये म्हणून सैनिकी खटके मुद्दाम जड ठेवलेले असतात. पहिल्या नागरी टेव्होरचा चाप ओढायला साडेचार ते पाच किलोचा जोर लागतो असं मोजणाऱ्यांना आढळलं. रायफलीचं स्वतःचं वजन साडेतीन किलोच्या थोडं वर! म्हणजे बंदूक उचलायला लागतो त्याहून जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि तेवढ्या वेळात ती हलू द्यायची नाही. अर्ध्या मीटरच्या नळीचं तोंड अर्धा मिलिमीटर जरी सरकलं तरी शंभर मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते.

म्हणून बुलपपच्या मालकांचा पहिला खर्च चापावर होतो. गाइसली, टिमनी अशा कंपन्या टेव्होरसाठी अख्खा खटक्याचा डबा बनवून विकतात. जुना काढायचा, नवा सरकवायचा. एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग त्यात जास्त गुळगुळीत आणि अचूक कापलेले असतात, त्यामुळे जोर कमी लागतो. सळई मात्र तीच राहते, म्हणून चांगल्या साध्या रायफलीसारखा एका क्षणी स्वच्छ सुटणारा चाप सहसा हाताला लागत नाही. माझ्या मते हा खर्च सार्थ आहे. पुढे लटकवायच्या दिव्या-मुठींबद्दल मी तसं म्हणणार नाही. कारण वजन मागे असणं हीच बुलपपची खुबी आहे. एखादी वस्तू फिरवायला किती जड जाईल हे वजनासोबत अंतराच्या वर्गावर अवलंबून असतं. खांद्यापासून दुप्पट अंतरावरचं वजन चौपट विरोध करतं. बुलपप पटकन वळते ती म्हणूनच, आणि एका हाताने थोडा वेळ पेलता येते तीही म्हणूनच. नळीच्या टोकाशी पाव किलोचा दिवा बांधणं म्हणजे पैसे देऊन ही खुबी घालवणं. उलट बाजूही सांगायला हवी: हलकं टोक हाताच्या थरथरीलाही तितकंच चटकन साथ देतं. निवांत नेमबाजीत पुढे जड असलेली नळी जास्त स्थिर वाटते.

डावखुऱ्यांचं दुखणं वेगळं. गोळी सुटल्यावर काडतुसाची रिकामी पुंगळी उजवीकडे उडते आणि बुलपपमध्ये तिथे डावखुऱ्याचा गाल असतो. ब्रिटिश एसए-80 तर उजव्या खांद्यावरूनच चालवावी लागते. ऑग आणि टेव्होरमध्ये डाव्या बाजूचा बोल्ट बसवून पुंगळी बाहेर पडायची खिडकी पलटवता येते, पण मग ती बंदूक उजवखुऱ्या मित्राच्या हातात देता येत नाही. बेल्जियमच्या एफ-2000 ने पुंगळी एका बोगद्यातून पुढे नेऊन टाकली आणि केल-टेकच्या आरडीबीने ती सरळ खाली पाडली. मला खाली पाडणं जास्त शहाणपणाचं वाटतं, तिथे गुरुत्वाकर्षण फुकट काम करतं.

गालाजवळ फक्त पुंगळी नसते, चेंबरही असतं. गोळी सुटताना तिथला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 4000 पट होतो. काडतूस सदोष निघून पुंगळीचं पितळ फाटलं तर तो वायू वाट शोधतो, म्हणून चांगल्या रचनांत त्याला खाली आणि बाजूला जायची वाट ठेवतात. घरी भरलेली, दारूचं माप चुकलेली काडतुसं कुठल्याच बंदुकीत घालू नयेत. बुलपपमध्ये तर मुळीच नाही.

निगा राखणं त्या मानाने सोपं आहे. आधी मॅगझिन काढायचं, मग चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहायचं. टेव्होरमध्ये मागची एक खीळ ढकलली की दस्त्याची पाठ दारासारखी उघडते आणि बोल्ट मागून सरकत बाहेर येतो. ऑगची नळी फिरवून सरळ वेगळी होते, त्यामुळे ती चेंबरच्या बाजूने साफ करता येते आणि तोंडाची कड झिजत नाही. नळीत दोन प्रकारचा मळ साचतो: दारूचा कार्बन आणि गोळीच्या आवरणाचं तांबं. तांब्यासाठी अमोनिया असलेलं द्रावण लावतात. तांबं अमोनियाशी संयोग पावून गडद निळं होतं, म्हणून चिंधी निळी येईनाशी झाली की तांबं संपलं. प्रयोगशाळेतली ही खूण बंदूकवाले चहा पिता पिता वापरतात! जुन्या सैनिकी काडतुसांचं प्रकरण मात्र निराळं. त्यांच्या टोपीतल्या, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागातल्या, पोटॅशियम क्लोरेटचं जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, आणि हे मीठ हवेतला ओलावा खेचून पोलादाला गंज चढवतं. तेलात ते विरघळत नाही. त्याला साधं पाणीच लागतं, आणि नंतर नळी खडखडीत कोरडी करून तेलाचा पातळ हात. प्लॅस्टिकच्या अंगावर मात्र जहाल द्रावक सांडू देऊ नये.

इतकं असूनही सैन्यं बुलपपपासून दूर जात आहेत. फ्रान्सने 2017 पासून फामासच्या जागी जर्मन एचके-416 घ्यायला सुरुवात केली आणि चीनने 2019 मध्ये साध्या मांडणीची नवी रायफल दाखवली. जड चाप, काखेजवळचं मॅगझिन बदलताना होणारी अडचण आणि लांबी कमी-जास्त न होणारा दस्ता ही तक्रारींची नेहमीची यादी. चिलखत घातलेल्या सैनिकाला दस्ता दोन बोटं आखूड हवा असतो, पण ज्याच्या पोटात बोल्ट धावतो तो दस्ता आखूड करणार कसा? त्याच वेळी सायलेन्सरचा वापर वाढतो आहे. तो नळीपुढे पंधरा-वीस सेंटिमीटर वाढवतो आणि तिथे आखूड बुलपपचं पारडं पुन्हा जड होतं. पण सायलेन्सर वायू अडवून मागेही ढकलतो, आणि बुलपपची खिडकी डोळ्यांच्या अगदी शेजारी. बोल्ट मागे ढकलणाऱ्या पिस्टनकडे जाणारा वायू कमी करायची सोय ज्या रायफलीत असते, तिचा मालक सायलेन्सर लावल्यावर आधी तो वायू कमी करतो. बाकीचे चष्मा घालून डोळे चोळतात.